सूर्यफुलांचा कागद

आमच्या घरी पत्र आले की ते कोणी वाचून दाखवण्याआधी आजी ते हातात घेई आणि त्याचे कोपरे पाही. तिला अक्षरओळख नव्हती. पण पोस्टमनने टाकलेले कार्ड चारही कोपऱ्यांनी शाबूत आहे एवढे दिसले, की तिचा जीव भांड्यात पडे आणि मग ती ते आमच्या हाती देई. कोपरा फाडलेले कार्ड म्हणजे मृत्यूची वार्ता. ते उंबऱ्याबाहेर उभे राहूनच वाचायचे, वाचून झाले की फाडून टाकायचे आणि अंगावर पाणी घेऊन मगच घरात यायचे, अशी जुनी रीत. लग्नाच्या पत्राला कुंकवाचे बोट लागलेले असे किंवा त्यावर केशराचे शिंतोडे असत. शुभपत्राच्या माथ्यावर ‘श्री’ असे. दुःखाच्या पत्रावर तो नसे. एक अक्षर न वाचता आजीला अर्धे पत्र कळत असे, ते असे.

हे सारे आज आठवण्याचे कारण, मला ज्या विषयाचा इतिहास सांगायचा आहे तो वरवर पाहता अगदीच क्षुल्लक आहे. संगणकावर ई-मेल लिहिताना अक्षराचे वळण कोणते, त्याचा आकार केवढा, मागचा कागद साधा की फुलाफुलांचा, हे आधीच ठरवून ठेवण्याची एक सोय असते. इंग्रजीत तिला ‘डिफॉल्ट’ म्हणतात. आपण काहीच सांगितले नाही तर यंत्र जे धरून चालते, ते डिफॉल्ट. मराठीत मी त्याला ‘गृहीत’ म्हणते. या गृहीताने मला एकदा चांगलाच धडा शिकवला. तो पुढे सांगेनच. परंतु त्याआधी थोडे मागे जायला हवे. कारण पत्राचा पोशाख पत्राच्या आधी ठरवण्याची कल्पना काही संगणकवाल्यांनी काढलेली नव्हे.

देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, हा तेराव्या शतकातला. मोडी लिपी त्याने लंकेहून आणली ही आख्यायिका आपण लहानपणी ऐकलेली असते. ती आख्यायिकाच होय. परंतु त्याच्या नावावर सांगितले जाणारे ‘मेस्तक’ हा प्रकार फार मजेदार आहे. मेस्तक म्हणजे पत्र कसे लिहावे याचा नमुनेवजा ग्रंथ. बापाने मुलाला लिहिताना कोणता मायना, शिष्याने गुरूला कोणता, बरोबरीच्या माणसाला कोणता, हे सारे त्यात ठरलेले. पुढे मराठी राज्यात चिटणिसांच्या हाताखाली हे शास्त्र चांगलेच पक्के झाले. ‘राजमान्य राजश्री’ कोणाला, ‘तीर्थस्वरूप’ कोणाला, ‘चिरंजीव’ कोणाला, सौभाग्यवती स्त्रीला काय लिहायचे आणि विधवेला ‘गंगाभागीरथी’ कसे लिहायचे, हे कारकुनाच्या बोटांत भिनलेले असे. पत्र लिहिणाऱ्याने सांगायचा तो फक्त मजकूर. बाकीचे गृहीत.

कागदाचेही तसेच. मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेई आणि मग बोरूने त्या रेघांना अक्षरे लटकवीत जाई. हात शक्यतो उचलायचा नाही. शाई ओली असतानाच वर बारीक वाळू टाकायची, ती झटकली की कागद घडी करायला मोकळा. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल सोडून पाहणाऱ्यांना जुन्या पत्रांच्या घड्यांत कधी कधी ही वाळू अजून सापडते.

आणि शेवटी मोर्तब. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी छोटी मुद्रा असे. येथे पत्राची मर्यादा झाली, असा तिचा अर्थ. ही काही केवळ शोभा नव्हे. मजकूर जिथे संपला तिथेच ती उमटवायची, म्हणजे तिच्याखाली कोणाला चार ओळी आपल्या पदरच्या घुसडता येऊ नयेत. हे मोर्तब वाचकांनी ध्यानात ठेवावे. तीन शतकांहून अधिक काळानंतरच्या एका भानगडीत ते आपल्याला पुन्हा लागणार आहे.

इंग्रजी अमदानीत पत्राचा कागदच सरकारने ठरवून दिला. १ जुलै १८७९ रोजी हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५० रोजी निळे अंतर्देशीय पत्र आले. राजाला आणि रंकाला आता एकच कागद. तरीही कोपरा फाडण्याची, कुंकू लावण्याची मुभा कोणी काढून घेतली नव्हती. सरकारने दिलेल्या एकसारख्या कागदावर माणूस आपल्या हाताने खूण करू शकत होता. अक्षर तर प्रत्येकाचे आपले होतेच. मामाचे अक्षर उजवीकडे कललेले, मावशीचे ओळ सोडून वर चढणारे. पाकिटावरचा पत्ता पाहूनच पत्र कोणाचे ते घरात समजत असे.

‘स्टेशनरी’ या शब्दाचाही एक छोटासा इतिहास आहे. युरोपात मध्ययुगात बरेचसे विक्रेते गावोगाव फिरणारे असत. विद्यापीठांच्या आसपास एका जागी ठाण मांडून बसणारा पुस्तकविक्या तो ‘स्टेशनर’. लंडनमध्ये या मंडळींचा संघ १४०३ साली स्थापन झाला आणि १५५७ साली त्याला राजाज्ञेची सनद मिळाली. त्यांच्या दुकानातला कागद, लेखणी, शाई ती स्टेशनरी. एका जागी स्थिर बसणाऱ्यावरून निघालेला हा शब्द पुढे विजेच्या वेगाने धावणाऱ्या पत्राच्या कागदालाही लागावा, ही गंमतच म्हणायची.

आता त्या धावत्या पत्राकडे वळू. अमेरिकेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याने १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे पहिला ई-मेल पाठवला आणि नाव व ठिकाण यांच्यामध्ये ते सुप्रसिद्ध ‘ॲट’चे चिन्ह योजले. त्या काळच्या ई-मेलला ना कागद होता, ना वळण. होती ती नुसती अक्षरे, आणि तीही १२८ चिन्हांच्या आस्की नावाच्या यादीतली. त्या यादीत इंग्रजी मुळाक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे बसली की जागा संपली. ‘क’ला तिथे जागा नव्हती. फ्रेंच लोकांच्या टोपीवाल्या अक्षरांनाही नव्हती, हाच काय तो दिलासा.

ही कोंडी फुटायला वीस वर्षे लागली. १९९२ साली नॅथॅनिअल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी ‘माइम’ नावाची पद्धत मांडली. एकाच पत्रात मजकूर, चित्र, आवाज असे निरनिराळे भाग बांधून पाठवायचे आणि प्रत्येक भागावर हा काय आहे याची चिठ्ठी लावायची, अशी ती युक्ती. मजकूर कोणत्या लिपीच्या कोणत्या यादीप्रमाणे वाचायचा, हेही त्या चिठ्ठीवर लिहिता येऊ लागले. ई-मेलला कागद मिळाला तो या युक्तीमुळे.

तो कागद घरोघरी पोचवला मायक्रोसॉफ्टने. १९९६ साली त्यांचा टपालाचा एक साधा प्रोग्रॅम निघाला होता. १९९७ साली तोच ‘आऊटलुक एक्सप्रेस’ या नावाने इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीबरोबर आला आणि पुढच्या वर्षी विंडोज ९८ मधून तयारच मिळू लागला. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी लोकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा स्वस्तातल्या खात्यावर काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे दिसत. चित्रे पाहायची तर महागाचे खाते घ्यावे लागे. त्या पार्श्वभूमीवर आऊटलुक एक्सप्रेस पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्हांला तो एखाद्या भरलेल्या दुकानासारखा वाटला.

माझ्या मामेभावाने नवा संगणक घेतला होता. त्याने मला दाखवले, ‘टूल्स’मध्ये जायचे, ‘ऑप्शन्स’ उघडायचे, त्यात ‘कंपोज’ नावाचे एक पान. वरच्या चौकटीत अक्षराचे वळण. तिथे आधीपासून ‘एरिअल’, आकार दहा, असे गृहीत होते. हा एरिअल १९८२ साली मोनोटाइप कंपनीच्या रॉबिन निकोलस आणि पॅट्रिशिया सॉन्डर्स यांनी आखला. खालच्या चौकटीत स्टेशनरी. तिथे एका छोट्या चौकोनात बरोबरची खूण केली आणि ‘सिलेक्ट’ दाबले, की कागदांची यादीच समोर. एकावर आयव्हीच्या वेली, एक ‘क्लिअर डे’ म्हणजे निरभ्र आभाळाचा, एक ‘सिट्रस पंच’, एक सूर्यफुलांचा. आजाऱ्याच्या समाचाराला एक ‘चिकन सूप’ नावाचा कागद होता, तो पाहून शाकाहारी मामी बराच वेळ हसत होती. नमुना पसंत पडला नाही तर ‘क्रिएट न्यू’ दाबून आपला कागद आपण तयार करावा.

आतून पाहिले तर हा कागद म्हणजे एक वेबपानच. मागे कोणते चित्र लावायचे, समास किती सोडायचा, अक्षर कोणते आणि कोणत्या रंगाचे, एवढ्या सूचना त्यात असत. पत्र निघाले की चित्रही त्याच्या पोटात बसून जाई. त्या काळात हॉटमेलची पेटी सारी मिळून दोन मेगाबाइटची. टेलिफोनच्या तारेवरून कुथत येणारे पत्र. त्यात प्रत्येक जण फुलाफुलांचा कागद पाठवू लागला की घेणाऱ्याची पेटी चार दिवसांत भरून जाई. म्हणून जाणती मंडळी साध्या अक्षरांचाच आग्रह धरीत. आम्हांला मात्र ती मंडळी रुक्ष वाटत.

२००१ च्या दिवाळीआधी मी तो सूर्यफुलांचा कागद निवडला आणि बरोबरची खूण करून टाकली. त्या घरच्या संगणकावरून आमच्या सगळ्यांची पत्रे मीच लिहीत असे. ताई मस्कतला होती. तिला दिवाळीच्या शुभेच्छा सूर्यफुलांवरून गेल्या. भाओजींच्या कचेरीच्या पत्त्यावर त्या पोचल्या आणि तिचे उत्तर आले, कागद फार गोड आहे म्हणून.

मजकूर अर्थातच इंग्रजी लिपीत लिहिलेल्या मराठीत होता. त्याच्या आधी एकदा मी हौसेने मराठी फॉन्टमध्ये पत्र पाठवले होते, त्याची फजिती ताजी होती. त्या वेळचे मराठी फॉन्ट म्हणजे एक बेमालूम सोंग असे. संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजीच टंकलेले असायचे. फक्त इंग्रजी अक्षराच्या चित्राच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवलेले. कृतिदेव नावाच्या फॉन्टमध्ये ‘डी’च्या जागी ‘क’ आणि ‘के’च्या जागी काना. म्हणजे मी ‘काका’ लिहिले की यंत्र मनात ‘डी के डी के’ असे नोंदवून ठेवी. ज्याच्याकडे तोच फॉन्ट असेल त्याला ‘काका’ दिसत. ज्याच्याकडे नसेल त्याला ‘डीकेडीके’. भाओजींच्या कचेरीत तो फॉन्ट नव्हता आणि परका फॉन्ट यंत्रात घालायची परवानगीही नव्हती. आईने सांगितलेले दोन पानी पत्र ताईला मिळाले ते असे. तिला वाटले, आपल्या माहेरचे यंत्र बिघडले.

यातले मर्म मला फार नंतर कळले. ई-मेलबरोबर अक्षराचे चित्र सहसा जात नाही. जाते ते त्या वळणाचे फक्त नाव. ‘हे पत्र अमुक वळणात दाखवा’ अशी चिठ्ठी. घेणाऱ्याच्या घरी ते वळण असेल तर ठीक, नसेल तर त्याचे यंत्र आपले गृहीत वळण काढून पत्राला चढवते. म्हणजे पत्र आपण इथून नटवून पाठवावे आणि त्याने तिथल्या घरचे कपडे घालून समोर यावे, असा हा मामला. मागच्या कागदाचे चित्र तेवढे बिनचूक पोचते.

ते बिनचूक पोचले, हेच त्या जानेवारीत घडले.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात आजी गेली. रात्री झोपली ती सकाळी उठली नाही. ताईने नुकतीच मस्कतमध्ये जागा बदलली होती. नव्या घरी टेलिफोन यायचा होता आणि जुना नंबर नुसताच वाजत होता. भाओजींच्या कचेरीचा ई-मेल एवढाच मार्ग. बाबा म्हणाले, “तू मामाकडे जाऊन ताईला कळव.” मी गेले, यंत्र सुरू केले, डोळे पुसत सात-आठ ओळी लिहिल्या आणि पाठवून दिल्या. समोरचा कागद मला दिसत नव्हता असे नाही. पण दोन महिने तोच कागद पाहून तो मला दिसेनासा झाला होता.

भाओजी सभ्य गृहस्थ. बायकोच्या माहेरचे पत्र, पहिली ओळ ‘ति. सौ. ताईस’ अशी, मागे पिवळीधमक फुले. त्यांनी पुढे वाचले नाही. कचेरीतल्या रंगीत छपाईयंत्रावर त्यांनी ते छापले, घडी करून खिशात ठेवले आणि संध्याकाळी घरी जाऊन म्हणाले, “तुमच्याकडचे पत्र आले आहे, फुलाफुलांचे.” ताईला वाटले, माझी नोकरी लागली. त्या महिन्यात माझी एका शाळेत मुलाखत झालेली तिला ठाऊक होती. ती चहाचे आधण ठेवून, हसत, ओट्याशी उभी राहून वाचायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिचे उत्तर आले. उत्तर देताना मूळ पत्राचा कागद तसाच राहतो, म्हणून ते उत्तरही सूर्यफुलांवरच होते. चौकशीच्या चार ओळी, आईला सांभाळ, बाबांना जप, असे. आणि अखेरीस एक ओळ: “कोपरा फाडायचा राहिला गं.”

तिने ते रागाने लिहिले नव्हते. पण ती ओळ वाचून मी ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘कंपोज’ असे गेले आणि ती खूण काढून टाकली. त्यानंतर आजवर मी कोणत्याही यंत्रात फुलांचा कागद गृहीत ठेवलेला नाही. फुले पाठवायची असली तर त्या त्या पत्रापुरती, समजून-उमजून पाठवते.

अर्थात कोरा कागद निवडला म्हणजे सारे निभावले असेही नाही. मगाशी मोर्तब ध्यानात ठेवायला सांगितले होते. आऊटलुक एक्सप्रेसमध्ये पत्राखाली आपली सही आपोआप उमटवण्याचीही सोय होती. १९९९ च्या अखेरीस तिचा फायदा घेणारा एक उपद्रवी प्रोग्रॅम निघाला. त्याचे नाव ‘काक’. आपल्या भाषेत कावळाच. प्रोग्रॅममधल्या एका खोटीमुळे तो पत्र नुसते पाहताच यंत्रात शिरे आणि तुमची गृहीत सही म्हणून स्वतःलाच नेमून घेई. मग तुम्ही पाठवाल त्या प्रत्येक पत्राखाली, डोळ्यांना न दिसता, तो उमटे. महिन्याच्या पहिल्या तारखेला संध्याकाळी पाचनंतर तो यंत्र बंदही करून टाकी. हे सारे शक्य झाले ते पत्र वेबपानासारखे सजवता येत होते म्हणून. साध्या अक्षरांच्या पत्रात त्याला बसायला फांदीच नव्हती. आमच्या चिटणिसांना मजकुराखालच्या कोऱ्या जागेचे भय का वाटे, ते अशा वेळी पटते.

मराठी अक्षराची कहाणी मात्र सुखान्त झाली, आणि तिचे श्रेय पुष्कळांना आहे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाची यादी तयार झाली आणि १९९१ साली ती भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी जगातल्या साऱ्या लिप्यांना एका यादीत बसवणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीची मांडणी इस्कीच्याच धर्तीवर झाली. आता ‘क’ला कोणाच्या जागी चोरून बसायचे कारण उरले नाही. त्याचा स्वतःचा क्रमांक झाला, २३२५. मस्कतला, सोलापूरला किंवा शिकागोला, २३२५ म्हणजे ‘क’च.

क्रमांक मिळाला, पण चेहरा हवा होता. तो दिला प्रा. र. कृ. जोशी यांनी. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले, जाहिरातक्षेत्रात नाव काढलेले, पवईच्या आयआयटीत शिकवलेले हे अक्षरकार स्वतः कवीही होते. त्यांनी आखलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट विंडोज २००० बरोबर आला आणि मराठी पत्राचे गृहीत वळण होऊन बसला. जोडाक्षर कसे बांधायचे, वेलांटी अक्षराच्या अलीकडे कशी न्यायची, रफार कुठे बसवायचा, हे नियम आता फॉन्टच्या आणि यंत्राच्या पोटातच आले. २००८ साली जोशीसर गेले. त्यांचे नावही ठाऊक नसलेल्या लक्षावधी लोकांनी त्यांच्या अक्षरात पत्रे लिहिली. पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ लिहिणाऱ्या समाजाला गृहीत अक्षर मिळावे आणि त्याचे नाव ‘मंगल’ असावे, हा योग मला फार आवडतो.

त्यातही एक मराठी कुरकुर होतीच. मंगलचे ‘ल’ आणि ‘श’ उत्तरेकडच्या वळणाचे. आमच्या शाळेत फळ्यावर शिकवायचे एक आणि छापून यायचे दुसरे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने महाराष्ट्र सरकारने मराठी वर्णमाला निश्चित केली. फॉन्टमध्येही पुढे मराठीसाठी निराळ्या वळणाची सोय होऊ लागली. दोन अक्षरांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण मुलाला अक्षर गिरवायला शिकवणाऱ्याला विचारा.

गृहीत वळण किती बोलके असते याचा एक दाखला तर न्यायालयात गाजला. २००७ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या ऑफिसमध्ये टाइम्स न्यू रोमन हे जुने वळण बाजूला सारून लुकास डी ग्रूट या डच अक्षरकाराचे ‘कॅलिब्री’ गृहीत धरले. पुढे २०१७ साली पाकिस्तानात पंतप्रधान नवाज शरीफ यांच्या कुटुंबाच्या मालमत्तेची चौकशी चालू असताना एक दस्तऐवज पुढे आला. त्यावर तारीख फेब्रुवारी २००६ ची आणि अक्षर कॅलिब्रीचे. तपास पथकाने विचारले, जे वळण बाजारात आलेच नव्हते त्यात हा कागद लिहिला कसा? चाचणीच्या आवृत्तीतून ते आधीही मिळू शकत होते, असे दुसऱ्या बाजूने सांगण्यात आले. शरीफ यांची कन्या मरियम यांना पुढे शिक्षा झाली आणि २०२२ साली इस्लामाबादच्या उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोषही ठरवले. निकालाची चर्चा करण्याचा माझा अधिकार नाही. एवढेच दिसते, की कागद लिहिणाऱ्याने अक्षराकडे पाहिलेही नसेल, पण अक्षर आपली जन्मतारीख बाळगून होते.

सरकारेही या बाबतीत मोठी हट्टी असतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २००४ साली जुने कुरिअर टाकून टाइम्स न्यू रोमन घेतले. २०२३ साली वाचायला सोपे म्हणून कॅलिब्री घेतले. आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा टाइम्सकडे परत जाण्याचा हुकूम निघाला. हा टाइम्स मुळात स्टॅन्ली मॉरिसन यांच्या देखरेखीखाली व्हिक्टर लार्डेंट यांनी रेखाटला आणि ३ ऑक्टोबर १९३२ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’ वृत्तपत्रात पहिल्यांदा छापला गेला. म्हणजे शतक व्हायला आलेल्या वर्तमानपत्री खिळ्यांवरून आजही मुत्सद्द्यांत वाद होतो. मायक्रोसॉफ्टने मात्र २०२३ साली कॅलिब्रीलाही निवृत्त करून स्टीव्ह मॅटेसन यांचे ‘ॲप्टोस’ गृहीत धरायला सुरुवात केली.

आऊटलुक एक्सप्रेस आता इतिहासजमा झाला आहे. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टातून तो वगळला गेला आणि त्याच्या अखेरच्या आवृत्तीचे घर असलेल्या विंडोज एक्सपीचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. संगणकावर बसवायच्या जुन्या धाटणीच्या आऊटलुकमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘मेल’ असे गेले की ‘स्टेशनरी अँड फॉन्ट्स’ हे बटण भेटते. त्यात नव्या पत्राचे वळण निराळे ठरवता येते, उत्तराचे निराळे आणि साध्या अक्षरांच्या पत्राचे निराळे. मराठी लिहिणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की तिथल्या फॉन्टच्या चौकटीत रोमन लिपीचा रकाना वेगळा आणि आपल्यासारख्या लिप्यांचा वेगळा असतो. पहिल्यात कितीही बदल केले तरी मराठी अक्षर जागचे हलत नाही, आणि माणूस उगीच यंत्रावर चिडतो.

मी शाळेत पत्रलेखन शिकवते तेव्हा मायना, तारीख, समास हे सारे फळ्यावर येते. अलीकडे मी त्यात एक प्रश्न घालते. मुलांना म्हणते, पत्र लिहून झाले की ते डोळ्यांसमोर लांब धरा आणि एकही शब्द न वाचता नुसते पाहा. ज्याला वाचता येत नाही अशा माणसाला हे पत्र काय सांगेल? पोरे आधी हसतात. मग एखादी मुलगी म्हणते, “बाई, घाईत लिहिलंय असं सांगेल.” तिला बरोबर उमगलेले असते.

ताई आता पुण्याला आली आहे. तो मस्कतचा छापील कागद तिने टाकून दिला नाही. दुःखाचे पत्र घरात ठेवू नये, ही रीत तिलाही माहीत आहे. परवा फराळाच्या गडबडीत मी तिला याबद्दल विचारले, तर चकल्यांचा सोऱ्या फिरवता फिरवता ती म्हणाली, “अगं, आजीने पाहिला असता तो कागद तर कोपरे बघून म्हणाली असती, शाबूत आहे, वाच.” मग आम्ही दोघी थोडा वेळ काहीच बोललो नाही. कढईतले तेल तापले होते.

वाचकहो, दिवाळीच्या शुभेच्छा तुम्ही ज्याला त्याला पाठवालच. पाठवण्याआधी एकदा यंत्रातला तो कोपरा उघडून पाहा, की आपल्या नावाने तिथे कोणते अक्षर आणि कोणता कागद कोणी गृहीत धरून ठेवला आहे. ही दिवाळी तुम्हां सर्वांना सुखाची जावो.